वैनगंगेचा डोंगा आणि अड्यारची शर्यत

पावसाळा सरून वैनगंगेचे गढूळ पाणी निवळू लागले, की गडचिरोली जिल्ह्यातील घाटाघाटांवर डोंगे पुन्हा हलू लागतात. डोंगा हे पूर्व विदर्भातील नावेचे घरगुती नाव. जुना डोंगा झाडाचे एकच खोड कोरून केलेला असे. आता फळ्यांचे आणि पत्र्याचेही डोंगे दिसतात. तो चालवणारा बहुधा ढीवर समाजाचा, नदी अंगणासारखी ओळखणारा. उतारू चढले की त्याची पहिली सूचना ठरलेली असते : “मधात बसा जी, हालू नका.” शेठ असो की मजूर, डोंग्यात सर्वांना नियम एकच. वडसा, आरमोरी, चामोर्शी, अहेरी, सिरोंचा या बाजारपेठांत ज्यांच्या पेढ्या आहेत, अशा घरांतील वडीलधाऱ्यांना पुलांपूर्वीचे दिवस सांगता येतात. मीठ, कापड, किराणा नदीपार न्यायचा तर आधी घाट गाठायचा, पाण्याचा रंग पाहायचा, नावाड्याचा चेहरा पाहायचा, आणि मगच मालाला हात लावायचा.

या जिल्ह्याचा नकाशाच पाण्याने काढलेला आहे. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा मार्कंड्याच्या प्राचीन देवळांपाशी क्षणभर उत्तरेकडे वळते आणि पुन्हा दक्षिणेची वाट धरते. चपराळ्याजवळ तिला वर्धा नदी भेटते. तेथून पुढे दोघींचे मिळून नाव प्राणहिता. सिरोंच्याजवळ, कालेश्वरच्या समोर, प्राणहिता गोदावरीत विलीन होते. आणखी खाली सोमनूरजवळ छत्तीसगडच्या सीमेवरून येणारी इंद्रावती गोदावरीला मिळते. तिकडे भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तिघी एकत्र येतात, आणि पावसाळ्यात पूर चढला की त्या गावाचा जगाशी संबंध तुटतो. औषध, धान्य, टपाल, मतदानाची पेटी, आजारी माणूस, यांतील प्रत्येक गोष्ट या जिल्ह्यात कधी ना कधी नावेत बसलेली आहे. हे सगळे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते.

त्याच उपसागराच्या किनाऱ्यावर नाव वल्हवणे हा एक खेळ आहे, आणि त्या खेळातून दोन देशांची सव्वाशे वर्षांची मैत्री उभी राहिली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला तिथवर जाणे मुळीच अवघड नाही. बल्लारशा हे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरचे मोठे स्थानक. गाडी तेथून सुटली की लगेच वर्धा नदीचा पूल लागतो. मंचेरियल सोडल्यावर गोदावरी ओलांडली जाते. ही गोदावरी अद्याप प्राणहितेला भेटलेली नसते. ती भेट पुढे, खाली व्हायची असते. मग विजयवाड्याला कृष्णा, आणि रात्रभराच्या प्रवासानंतर चेन्नई. व्यापारी घरांतील बहुतेकांची चेन्नई सौकारपेठेपुरतीच असते. सराफी, कापड, भांडी, ओळखीची भोजनशाळा, मंदिर, आणि परतीची गाडी. सौकारपेठेपासून दहा-बारा किलोमीटर दक्षिणेला अड्यार नदी वाहते, तिच्या उत्तर काठावर मद्रास बोट क्लब आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या चेन्नईला जाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

मद्रास बोट क्लबची स्थापना १८६७ ची. त्याच्या तीन वर्षे आधी, १८६४ मध्ये, समुद्रापलीकडे कोलंबो रोइंग क्लब सुरू झाला होता. १८९८ पासून या दोन क्लबांत नौकांच्या शर्यती होऊ लागल्या. एका खेपेस चेन्नईकरांनी कोलंबोला जायचे, दुसऱ्या खेपेस कोलंबोकरांनी चेन्नईला यायचे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची प्रसिद्ध नौकाशर्यत १८२९ मध्ये सुरू झाली, हे अनेकांनी वाचलेले असते. आपल्या शेजारची ही शर्यत मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते. पुरुषांच्या सांघिक विजयासाठी ‘दीपम’ करंडक आणि स्त्रियांसाठी ‘अड्यार’ करंडक दिला जातो. नदीच्या नावाचा करंडक स्त्रियांच्या वाट्याला यावा, हा योगही मोठा सुरेख आहे.

डोंगा पाहिलेल्या माणसाला शर्यतीची नौका प्रथम पाहताना ही नाव आहे यावर विश्वास बसत नाही. एकट्याने वल्हवायची नौका सुमारे आठ मीटर लांब, आणि रुंदीला माणूस जेमतेम मावेल एवढी. तिचे वजन अवघे चौदा किलो, म्हणजे तांदळाच्या अर्ध्या पोत्याहून कमी. आठ जणांची नौका सतरा-अठरा मीटरपर्यंत लांब असते. डोंगेवाला उभा राहून पुढे पाहतो. रोइंगचा खेळाडू बसून मागे पाहतो. जेथे पोहोचायचे त्या जागेकडे त्याची पाठ असते. काही नौकांत एक छोटा सुकाणूधर समोर तोंड करून बसतो, तो दिशा सांभाळतो आणि लय सांगतो. ज्यांत तो नसतो, तेथे मान वळवून चोरटी नजर टाकण्याखेरीज उपाय नाही. बसायची पाटी चाकांवर पुढे-मागे सरकते, त्यामुळे जोर हातांपेक्षा पायांचा जास्त लागतो. सर्वांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत आणि एकाच क्षणी बाहेर आली पाहिजेत. एकाचे वल्हे अर्ध्या क्षणाने मागे पडले, की नौका डगमगते. नौकेतील सर्वांत बलवान माणूस घाई करू लागला तर तोच सर्वांना मागे ओढतो. एकत्र कुटुंबाच्या पेढीत वाढलेल्या वाचकाला ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

परंतु या शर्यतीतील खरी लक्ष देण्याजोगी बाब वल्ह्यांत नाही, नौकेच्या मालकीत आहे. सतरा मीटरची, अंड्याच्या टरफलासारखी नाजूक नौका समुद्रापार नेणे खर्चाचे आणि जोखमीचे. म्हणून पाहुण्या संघाने फक्त माणसे आणायची, आणि नौका यजमान क्लबाने द्यायच्या, अशी पद्धत पडली. म्हणजे ज्याला हरवायचे, त्याच्याच हातात आपली नौका द्यायची. आणि ज्याच्याविरुद्ध उतरायचे, त्याच्याच नौकेत निर्धास्त बसायचे. वल्ह्याची टेकण किती उंच हवी, पाय ठेवायची फळी किती मागे हवी, हे प्रत्येक खेळाडूच्या उंचीनुसार बदलावे लागते. ते बदलून देण्याचे कामही यजमानाचीच माणसे करतात. त्यांतील एखादा खिळा कोणी मुद्दाम सैल सोडला, तर शर्यतीत कोणाला कळणारही नाही. बाजारात समोरच्या दुकानदाराचा काटा बंद पडल्यावर आपला काटा त्याला काढून देणारी माणसे जुन्या पेठांत असत. इथे तर तो काटा बरोबर तोलतो की नाही हे पाहुण्याने तपासूनही पाहायचे नसते. ही उसनवार सव्वाशे वर्षे चालते, याचा अर्थ दोन्ही बाजूंनी ती नेकीने फेडली गेली आहे.

तरीही यजमानाला पाण्याचा फायदा मिळतोच. अड्यार ही समुद्राजवळची नदी. भरती-ओहोटी क्लबच्या पायरीपर्यंत जाणवते. मुखाशी वाळूचा बांध साचतो, तो कधी पाणी अडवतो, कधी ईशान्य मोसमी पावसात फुटतो. कोणत्या वेळी प्रवाह कोठे साथ देतो आणि कोठे आडवा येतो, हे रोज पहाटे वल्हवणाऱ्यालाच ठाऊक. याउलट कोलंबोचा बेरा तलाव शहराच्या मध्यभागी आहे. त्याभोवती इमारती उभ्या असल्याने वाऱ्याच्या खोडी निराळ्या. पाहुण्याने दोन-तीन दिवसांत पाणी ओळखायचे असते. त्यासाठी यजमानच त्याला सरावाला घेऊन जातो. डोंगेवाल्याचे ज्ञान आणि या साहेबी खेळातील ज्ञान अखेर एकाच जातीचे ठरते.

खेळ साहेबी होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोलकात्याचा रोइंग क्लब १८५८ चा, पुण्यातील रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, कराचीचा बोट क्लब १८८१ चा. सुरुवातीची सगळी वल्ही गोऱ्या हातांत होती. फौजेतले अधिकारी, मळेवाले आणि गोदीतल्या कंपन्यांचे कारकुनी साहेब संध्याकाळी नदीवर येत. १९३३ मध्ये पूर्वेकडील हौशी नौकापटूंचे एक मंडळ स्थापन झाले, आणि भारतातील क्लबांबरोबर कोलंबो, कराची अशा बंदरांतील संघ एकत्र येऊ लागले. तेव्हा यांतील कोणीच कोणाला ‘परदेशी’ नव्हते. सगळीकडे एकाच राजाचे राज्य होते. नंतर १९४७ मध्ये कराची वेगळी झाली, १९४८ मध्ये श्रीलंका स्वतंत्र झाली. नौका त्याच, पाणी तेच. मधे पारपत्र आले. राज्य गेले, साहेब गेले, पण शर्यत राहिली. ती आता श्रीलंकेच्या आणि भारताच्या मुला-मुलींची आहे.

व्यापारी समाजाचाही या इतिहासात एक कोपरा आहे आणि तो बहुधा विस्मरणात गेलेला दिसतो. कोलकात्याच्या रवींद्र सरोवरावर आज ‘बेंगॉल रोइंग क्लब’ नावाची संस्था आहे. तिचे मूळ नाव ‘मारवाडी रोइंग क्लब’ असे होते. बडाबाजारातील गाद्यांवर बसणाऱ्या घरांतील मुलांनी पहाटे सरोवरावर जाऊन वल्ही हाती धरावीत, असे त्या काळच्या कोणा वडीलधाऱ्यांना वाटले, हे विशेषच. व्यापारी घरात मुलाने खेळात फार वेळ घालवू नये, अशी एक समजूत आजही आढळते. त्या समजुतीला हे उदाहरण फारसे मानवणारे नाही.

मात्र याच सरोवराने एक कठोर धडाही दिला. मे २०२२ मध्ये शर्यतीच्या सरावाला उतरलेल्या शाळकरी मुलांची नौका अचानक उठलेल्या वादळात उलटली आणि त्यांतील दोन मुले बुडाली. पोहणे येणे पुरेसे नसते, बचावनौका पाण्यात तयार असावी लागते, आकाश काळवंडले की नौका काठाला लागल्याच पाहिजेत, या साध्या गोष्टींची चर्चा त्यानंतर देशभर झाली. आई-वडिलांनी मुलाला खेळायला पाठवताना शुल्क किती हे विचारण्याआधी बचावनौका किती हे विचारावे, हे कोलकात्याने दोन कोवळ्या जिवांची किंमत मोजून शिकवले.

पाण्याची स्वतःची अवस्था हा आणखी एक दुखरा विषय. अड्यारमध्ये शहराचे सांडपाणी येते. डिसेंबर २०१५ मध्ये चेंबरंबाक्कम तलावाचे पाणी सोडल्यावर हीच नदी काठ सोडून घराघरांत शिरली. पुण्यातही चित्र फार वेगळे नाही. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. १९२८ पासून तेथील विद्यार्थी ‘रेगाटा’ हा नौकांचा सोहळा करतात, अंधारात मशाली घेऊन नौकांच्या रांगा पाण्यावर फिरतात आणि काठावर पुणेकर गर्दी करतात. सोहळा देखणा असतो. पण जलपर्णी आणि दुर्गंधी यांच्याशी झगडतच तो साजरा करावा लागतो. रॉयल कॅनॉट बोट क्लबही याच मुळा-मुठेच्या काठी, बंडगार्डनच्या बंधाऱ्याने अडवलेल्या पाण्याजवळ आहे. ज्या ड्यूक ऑफ कॅनॉटचे नाव त्याला लाभले, ते १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती होते. त्यांच्या काळी या पाण्यात पडलेला माणूस भिजून बाहेर येत असे; आज त्याला आधी दवाखान्यात न्यावे लागेल.

आंतरराष्ट्रीय शर्यतीला दोन हजार मीटर लांबीचे सरळ आणि शांत पाणी लागते. पुण्याजवळ दापोडीला सैन्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्यासाठी जमीन खोदून कालवाच तयार केला. त्या कालव्यावर घडलेला एक मराठी खेळाडू म्हणजे दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा हा मुलगा. वडिलांबरोबर त्याने विहिरी खोदल्या. २०१२ मध्ये सैन्यात भरती होईपर्यंत रोइंग हा शब्दही त्याच्या जगात नव्हता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो भारताचा एकमेव नौकापटू होता आणि एकेरी शर्यतीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने तिघा साथीदारांसह सुवर्णपदक मिळवले. पाण्याच्या शोधात जमीन खोदणारा मुलगा जमीन खोदून केलेल्या पाण्यावर मोठा झाला, आणि परदेशी खेळाडूंच्या बरोबरीने उभा राहिला.

मग गडचिरोलीचे काय? येथे जमीन खोदावी लागत नाही. चामोर्शी तालुक्यात चिचडोहच्या बंधाऱ्यामागे वैनगंगेचे रुंद पाणी साठते. सिरोंच्याखाली मेडीगड्डा धरणाने गोदावरीला थोपवले, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या धरणाचे खांब खचले, ही कथा निराळीच. नदीकाठच्या ढीवर मुलांना दहाव्या वर्षी वल्हे पेलता येते. उन्हाळ्यात मासे, पावसाळ्यात उतारू, हा त्यांचा रोजचा सराव. अड्यारवरच्या मुलाला पाण्याचा अंदाज यायला जे वर्ष लागते, ते यांना जन्मतःच मिळालेले असते. नाही तो क्लब, नाही ती हलकी नौका, आणि नाही बचावाची सोय.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील मजूर स्त्रिया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. नाव उलटली आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. पूर नव्हता, वादळ नव्हते. ऐन हिवाळ्यातील सकाळ होती. दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून बायका नावेत बसल्या होत्या. तेथे तरंगणारी जाकिटे असती, काठावर दुसरी नाव तयार असती, तर कदाचित घराघरांतल्या चुली त्या संध्याकाळी पेटल्या असत्या. मिरचीचा व्यापार करणाऱ्या घरांनी त्या मालाचा भाव ठरवताना हा घाट एकदा डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही.

रोइंग क्लब म्हटले की शहरी माणसाला हिरवळ, चहा आणि पांढरे कपडे आठवतात. परंतु क्लब ही मुळात पाण्यावरच्या शिस्तीची संस्था आहे : किती माणसे बसायची, कोणी कोठे बसायचे, कोणत्या वाऱ्यात नाव काढायची नाही, बुडणाऱ्याला कोणी काढायचे, याचे लेखी नियम आणि ते पाळून घेणारा कोणीतरी जबाबदार माणूस. वैनगंगेच्या घाटावर हे नियम डोंगेवाल्याच्या तोंडी आहेत. त्याच्यामागे संस्था नाही. एखाद्या पेढीने आपल्या गावच्या घाटाला वीस जाकिटे आणि एक बचावनौका दिली, तर खर्च एका लग्नातील मंडपाहून जास्त होणार नाही. पुढेमागे त्याच घाटावर मुलांच्या शर्यती लागल्या, वडशाचा संघ चामोर्शीत पाहुणा आला आणि चामोर्शीकरांनी आपला चांगला डोंगा त्याला काढून दिला, तर त्या उसनवारीत चेन्नई-कोलंबोहून काही कमी असणार नाही.

तूर्त मार्कंड्याच्या घाटावर संध्याकाळी शेवटचा डोंगा पलीकडून येतो. त्यात सायकली, कोंबड्यांची डाली, बाजाराच्या पिशव्या आणि दोन-तीन शाळकरी मुली असतात. नावाडी बांबूने तळ चाचपत असतो. “मधात बसा जी,” तो पुन्हा एकदा सांगतो, आणि मुली सरकून मध्यभागी बसतात.